त्रिंबकचं माहेर

नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास धरतात. दिंद्रुडच्या शिवारात हा उपास धरणारा पुरुष एकच, ओढ्यापलीकडच्या वाडीवरचा त्रिंबक. वय सत्तरीला टेकलेलं, डोक्याला पटका, अंगात बंडी, पाठीला उसाच्या मोळ्या वाहून आलेला बाक. असा माणूस भावाचा उपास धरतो म्हटल्यावर नवख्याला हसू येणारच. वाडीवर मात्र आता कुणी हसत नाही. हसून हसून त्यांचं हसू कधीच संपलं.

यंदा त्या दिवशी तो सकाळपासून ओट्यावर बसून होता. तोंड ओढ्याच्या वाटेकडं. वाटेवर कुणाची फटफटी वाजली की मान वर व्हायची, ती पुढं निघून गेली की खाली.

"च्या तरी घ्या," सुभद्राबाई म्हणाली. "तुमी च्या घेतला का न्हाई, ते भावाला काय कळतंय?"

"त्याला न्हाई कळायचं. मला कळंल ना."

"भाऊ म्हनं! पुढाऱ्याच्या गाडीत पुढं बसनारा भाऊ. त्याला पंचमी उद्या हाय ह्ये तरी म्हाईत हाय का?"

"यील की. म्हातारी गेली म्हनून काय झालं?"

त्रिंबक हे सहज बोलल्यासारखं बोलला. पण गेले कित्येक दिवस त्याच्या मनात हेच घोळत होतं. म्हातारी होती तोवर माहेर होतं. म्हातारी गेल्या दिवाळीनंतर गेली. तिच्यामागची ही पहिली पंचमी. आता न्यायला मुऱ्हाळी येईल का, आणि नाही आला तर आपलं माहेर संपलं असं समजायचं का, हे त्याला कुणाला विचारता येत नव्हतं. बाईमाणसाला विचारता येतं. शेजारणीपाशी बसून डोळे पुसता येतात. सत्तरीच्या गड्यानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले तर लोक म्हणतील, डोळ्यांत काही गेलं असेल.

गड्याला माहेर कुठून आलं, ते आता सांगायला हवं.

त्रिंबक मिसरूड फुटायच्या वयाचा होता तेव्हाची ही गोष्ट. आई लहानपणीच कारखान्यावर, उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत तापानं गेलेली. बाप ऊसतोडीला जायचा आणि पोरगा वाडीवर आजीपाशी राहायचा. चैत्रात तोडीची माणसं परत आली की दिंद्रुडची जत्रा भरायची आणि जत्रेत गावातल्याच पोरांचं नाटक व्हायचं. ते बसवायचा शहादेव शिंपी. पडदे तोच शिवायचा, पाठ तोच करून घ्यायचा, आणि त्या वर्षी तर नाटकही त्यानंच लिहिलं होतं. सासरी छळ झालेली एक गोदा, आणि तिला माहेरच्या दारातून परत लावणारा तिचा बाप. एवढीच गोष्ट. गोदेच्या कामाला अंगानं सडपातळ आणि गळा न फुटलेला पोरगा हवा होता. शहादेवानं त्रिंबकला हेरलं.

पोरगा तालमीत धाय मोकलून रडायला लागला की शहादेव कात्री आपटायचा. "आरं, तू कावून रडतोस? रडायचं काम समोर बसलेल्या बायांचं हाय. तू फकस्त दारापुढं उभा ऱ्हा."

दारापुढं कसं उभं राहायचं ते शिकायला त्रिंबक एसटीच्या थांब्यावर जाऊन बसू लागला. सासरहून आलेल्या लेकी उतरायच्या. आनंदानं आलेली कशी पिशवी सावरत तडक चालू लागते, आणि न बोलावता आलेली कशी उतरल्यावर आधी पदर नीट करते, मग मागं वळून एसटीकडं बघते, जणू तिला परत चढायचंय. हे त्यानं मनात धरून ठेवलं. त्याला बहीण नव्हती, आई नव्हती. कुणाच्या तरी दारापुढं उभं राहावंसं वाटणं, एवढं मात्र त्याला शिकवावं लागलं नाही.

जत्रेत नाटक लागलं. एका बाजूला गडीमाणसं, दुसऱ्या बाजूला बाया, आणि सगळ्यांच्या पुढं खुर्चीवर सुंदरराव. गावातली चांगली जमीन त्यांची, गावातला शब्द त्यांचा. शेजारी जमिनीवर त्यांचा धाकटा पोरगा अंगद, तेव्हा पाटी-पेन्सिलीच्या वयाचा. शेवटचा प्रवेश आला. बांबूच्या चौकटीला गोणपाट लावून केलेलं दार. लुगड्यातला त्रिंबक दारापुढं आला, पदर नीट केला, एकदा मागं वळून बघितलं, आणि म्हणाला,

"बाबा, दार उघडा. मी खायला न्हाई आले. घटकाभर बसायला आले."

आतून बापाचा आवाज आला, "दिलेली लेक आन सोडलेलं पानी मागारी येत नसतं. आली तशी जा."

गोदा दारातच खाली बसली. इथं पडदा पडायचा होता. पण पडदा ओढणाऱ्याचा हात थांबला, कारण बायांमधून एक बाई उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. चारचौघांत जिचा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता ती सुंदररावांची बायको छबुबाई.

"ऊठ गं माजी बाई," ती म्हणाली. "त्या दारात नको बसू. माज्या घरी चल. मी हाय ना तुजी माय!"

कुणी हसलं नाही. आत बाप झालेला गडी पुढचं वाक्य विसरला. सुंदररावांनी मागं वळून बघितलं नाही. खुर्चीचा हात धरून ते समोरच्या गोणपाटाच्या दाराकडं बघत राहिले. कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यांची थोरली लेक कुशावर्ता अशीच एका दुपारी चालत आली होती, आणि दिवस मावळायच्या आत त्यांनी तिला गाडीत बसवून परत लावलं होतं. पुढल्या वर्षी ती गेली. कशानं गेली ते तिच्या सासरच्यांनी नीट कधी सांगितलं नाही. छबुबाई त्या दुपारी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती आणि तिच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. तो जत्रेत फुटला.

शहादेवाला पुढं लोक विचारायचे, "बाबा, तू कुशावर्तेचं लिव्हलं व्हतंस का?" तो मान हलवायचा. "मी कुनाएकाचं लिव्हलं न्हाई. सगळ्यांचं लिव्हलं. ज्याचं त्यानं वळखलं."

त्रिंबक लुगड्यातच खाली उतरला आणि छबुबाईच्या पाया पडला. तिनं त्याला दंडाला धरून घरी नेलं. उंबऱ्याबाहेर उभं करून त्याच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून लांब टाकला, आणि आत नेऊन दूध-भाकरी कुस्करून पुढ्यात ठेवली. सुंदरराव त्या दिवशी घरी उशिरा आले. काही बोलले नाहीत. शेवटपर्यंत त्यावर ते काही बोलले नाहीत.

त्या श्रावणात वाडीवर एक बैलगाडी आली. गाडीत टोपी घातलेला लहानगा अंगद. खाली उतरून, आईनं पाठ करून घेतल्यासारखं त्यानं म्हटलं, "आक्का, चल. पंचमीला आईनं बलावलंय." वाडी पोट धरधरून हसली. त्रिंबकची आजी आधी हसली, मग पदरात तोंड घालून रडली आणि म्हणाली, "जा रं. कुनीतरी बलावतंय, तर जा."

तेव्हापासून दर पंचमीला त्रिंबक माहेरी जात आला. लुगडं नाही, कुंकू नाही, बंडी-धोतरातला गडी. पण उंबऱ्याबाहेर तो उभा राहायचा, पायांवर पाणी पडायचं, तुकडा ओवाळला जायचा, आणि निघताना हातावर खण. तो खण लग्नानंतर सुभद्राबाईला मिळू लागला. ती सगळ्यांना ठसक्यात सांगायची, "बायकांच्या अंगावर त्येंच्या माहेराची चोळी आसती. माज्या अंगावर नवऱ्याच्या माहेराची हाय."

एकदा त्रिंबकनं धीर करून विचारलं होतं. "माय, मी गडीमानूस. लोक तुला येडी म्हनत्यात."

छबुबाई पुरणाची दिंडं वाफवत होती. वळून न बघता म्हणाली, "म्हनू दे. मला काय कळत न्हाई व्हय? तू त्रिंबक हाईस. खालच्या वाडीचा, लक्ष्मनाचा. पर पंचमीला दारात कुनीतरी यावं लागतं रं. दार सुनं ठिऊ नये."

मग भांड्यावर झाकण ठेवून म्हणाली, "तुला बी कुठंतरी जायाला लागतंच की."

अंगद मोठा झाला. शाळेतली पोरं त्याला 'आक्केचा भाऊ' म्हणून चिडवू लागली तेव्हा आक्काचं नुसतं 'त्रिंबक' झालं. पुढं तो पुढारी झाला, पांढरे कपडे आले, मागंपुढं माणसं आली, आणि चारचौघांत तो त्रिंबकला 'आमच्या आईचा मानलेला' म्हणू लागला. मानलेला कोण, हे तो सांगायचा नाही. अलीकडं तर मुऱ्हाळी म्हणून ड्रायव्हरच यायचा, जीपचा हॉर्न वाजवायचा. पण जीप यायची. छबुबाई खाटेवर असली तरी भाकरतुकडा तिच्याच हातचा असायचा. पंचमीला चुलीवर तवा ठेवत नाहीत, म्हणून ती आदल्या दिवशीची एक भाकरी आठवणीनं दुरडीत झाकून ठेवायची.

ती गेली तेव्हा त्रिंबक अंत्यविधीला गेला. नातलग बाया उशापाशी गळ्यात गळा घालून रडत होत्या. लेकीची जागा तिथं असते. तो गड्यांमध्ये, लिंबाखाली, ओळीनं उभा राहिला. कुणीतरी त्याला बाजूला व्हायला सांगितलं, कारण पुढाऱ्यांच्या गाड्या यायच्या होत्या. तो बाजूला झाला.

जत्रेतली नाटकंही मागंच बंद पडली. आता जत्रेत मोठे कर्णे वाजतात, आणि नाटक घरोघरी संध्याकाळी टीव्हीत लागतं. सुभद्राबाई जेवणं उरकून मालिका बघते, आणि तिच्या मागं खांबाला टेकून त्रिंबकही बघतो. त्यातली एक पोर माहेराला पारखी झालेली आहे. महिने झाले, रडतेच आहे.

"गळा चांगला हाय पोरीचा," त्रिंबक म्हणायचा, "पर उभं ऱ्हाता यीना तिला. आन ही काचंत रडती, हिला हाक कोन मारनार? हितून उठून हाक मारली तर तिला आयकू जानार हाय का?"

"तिला कावून आयकू जायाला पायजे?" सुभद्राबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणायची. "आपलं आपल्याला आयकू आलं म्हंजी झालं."

त्रिंबकला हे पटलं नव्हतं.

उपासाचा तो दिवस तसाच मावळला. जीप आली नाही.

पंचमीच्या सकाळी बाया वारुळाला जाऊन आल्या. लिंबाला झोके बांधले गेले. सुभद्राबाईनं दिंडं केली, त्रिंबकच्या पुढ्यात ठेवली आणि त्याच्याजवळ बसली. टोमणा मारला नाही. तेव्हा त्रिंबकला कळलं, आपलं तोंड चांगलंच उतरलं असणार.

"तुमीच जावा की," ती हळू म्हणाली. "पायवाट हाय. कोसभर तर जायाचं."

"न बलावता?"

"त्यात काय?"

"गोदा न बलावताच गेलती, सुभद्रे."

 तेवढ्यात ओढ्याकडून जीपचा आवाज आला. हॉर्न वाजला नाही. जीप ओट्यापुढं थांबली, आणि चालवणारा खाली उतरला तो ड्रायव्हर नव्हता. अंगद होता, एकटाच. कपडे कालचे, चुरगळलेले. ओटा न झटकता तो त्रिंबकशेजारी बसला. सुभद्राबाईनं दिलेला चहा हातात धरून नुसता बसून राहिला.

"काल तेजश्रीला आनायला गेलतो," शेवटी तो म्हणाला. तेजश्री त्याची एकुलती एक लेक, नारायणगडाच्या वाटेवरच्या गावात दिलेली. "न्हाई धाडली."

"कावून?"

"यंदा धोंड्याचा महिना व्हता. जावयाचा मान कराया आपन सोता जायाला पायजे. मी सभेच्या नादात कार्यकर्त्याच्या हाती ताट धाडलं. भामाबाई, तिची सासू, म्हनली, तवा मानूस धाडलं व्हतं, आता लेकबी मानसाच्या हाती धाडू का?"

"खरं हाय तिचं."

अंगदनं मान हलवली. "रिकामी गाडी घिऊन माघारी आलो. आई म्हनायची, मुऱ्हाळ्याची गाडी रिकामी घरी येऊ नये. वेशीत आल्यावर गाडी पुढं घ्यावीच वाटंना. तितंच उभी केली, घरी चालत गेलो. सकाळी उठून इकडं आलो."

त्रिंबकला सगळं लख्ख दिसलं. ज्याची वाट बघत तो उपाशी बसला होता ती गाडी आली होती, पण दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर बसवायला.

"म्हंजी ती आली असती, तर तू हितं आला नसतास."

अंगद पुढारी होता. गोड बोलणं त्याच्या धंद्यातलं होतं. पण आज तो तसं बोलला नाही. "सांगता येत न्हाई," तो म्हणाला.

लागलं त्रिंबकला. पण खोटं ऐकून लागलं असतं त्याहून कमी लागलं.

"पोरगी काय म्हनली?" त्यानं विचारलं.

"बाहीरच आली न्हाई. सैपाकघराच्या दाराआड हुबी व्हती. बांगड्या तेवढ्या वाजल्या."

"आन तू?"

"मी म्हनलं, जशी तुमची मर्जी. आन उठून आलो."

त्रिंबक उठला. पटका नीट केला, पायात वहाणा घातल्या.

"गाडी फिरव."

"घरी जायचं ना?"

"न्हाई. नारायनगडाच्या वाटंला. बांगड्या वाजल्या म्हनतोस आन उठून आलास? तुज्या आईनं असंच एकदा दाराआडून आयकलं, आन मग जलमभर पंचमीला माज्या पायावर पानी घालत बसली. फिरव गाडी."

सुभद्राबाई आत पळाली. दिंडं आणि लाह्या एका फडक्यात बांधल्या, आणि त्यातच एका कागदात आणखी काही गुंडाळून ठेवलं. "कालची भाकर हाय," ती त्रिंबकला हळूच म्हणाली. "मला वाटलं, तितं आता आठवनीनं कोन झाकून ठिवनार? तुमच्यावरून ववाळाया." मग जीपजवळ येऊन मोठ्यानं, "रिकाम्या हातानं जाऊ नका, आत्याबाई!"

अंगदला हसू आलं. कालपासून पहिल्यांदा.

भामाबाईचं घर ऐसपैस, पुढं फरशी, सोप्यात भिंतीएवढा टीव्ही. दुपारची वेळ. रात्रीची मालिका दुपारी परत लागते. ती बघत भामाबाई शेंगा फोडत बसली होती. अंगदला बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"काल सांगितलं की पावनं. आन ह्ये कोन बरुबर?"

त्रिंबकनं हात जोडले. "मी तेजश्रीची आत्या."

भामाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं त्याच्या पटक्याकडं बघितलं, पांढऱ्या मिशांकडं बघितलं. अंगदकडं बघितलं, तिला वाटलं, हा आता काहीतरी सारवासारव करील. अंगदनं खाली बघितलं. मग वर बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "माजी आक्का हाय."

किती वर्षांनी तो शब्द त्याच्या तोंडी आला होता! त्रिंबकनं चटकन मान वळवून टीव्हीकडं केली, आणि तिकडंच बघत खाली बसला.

टीव्हीत तीच पोरगी दारात उभी होती. भाऊ न्यायला आलेला, आणि सासू त्याला अंगणातूनच परत लावत होती. भामाबाई पाव्हण्यांवर रागावलेली होती, पण डोळे पडद्यावर होते. डोळ्यांना पदरही लागला होता.

"कावून पाठवीना ती?" त्रिंबकनं विचारलं. त्याला खरंच त्या भागाचं मागचं ठाऊक नव्हतं. आदल्या रात्री वाटेकडं कान लावून तो लवकर निजला होता.

"काळीजच न्हाई त्या सटवीला," भामाबाई तावातावानं म्हणाली. "सनाचा दिस हाय, धाडली चार दिस तर काय झिजतंय का? आवो, ती पोर बगा कशी..."

भाग मध्येच थांबला. जाहिराती सुरू व्हायच्या आत सोपा क्षणभर शांत झाला, आणि त्या शांततेत आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या.

भामाबाईनं त्या ऐकल्या. कानकोंडी होऊन तिनं टीव्हीचा आवाज कमी केला, मग चिडली. बाई काही बावळट नव्हती.

"तुमी ह्ये बगायलाच आलाव का माज्या घरी?"

"न्हाई बाई," त्रिंबक म्हणाला. आणि काय बोलायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. ते आपोआप आलं, त्याच जुन्या सुरात, गळा फुटून इतकी वर्षं झाली तरी. "मी खायला न्हाई आलो. घटकाभर बसायला आलो."

भामाबाईला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण अंगदनं झटकन मान वर केली. जमिनीवर, बापाच्या खुर्चीला टेकून बसलेल्या पोरानं हे वाक्य ऐकलं होतं, आणि त्यानंतर मागून उठलेला आईचा आवाजही. तो उठला, टोपी काढली, आणि भामाबाईपुढं हात जोडले.

"चुकलं माजं, बाई. धोंड्याला मी सोता यायला पायजे व्हतो. जावयाचं पाय धुवायला मी पुन्यांदा येतो. पर पोरीला धाडा. आज माज्या घरचं दार सुनं हाय."

पुढाऱ्याला असं बघायची भामाबाईला सवय नव्हती. ती शेंगांच्या टरफलांकडं बघत राहिली. मग आत तोंड करून ओरडली, "आगं, हुबी काय ऱ्हायलीस दाराआड? पिशवी भर! पोळ्याच्या आत माघारी पायजे." आणि डोळे पुसून त्रिंबककडं वळली. "आन ह्या आत्याचा मानपान काय करू मी? लुगडं नेसवू का काय?"

"खन द्या," त्रिंबक म्हणाला. "आमच्या घरी खनाला सोकावल्याली एक हाय."

भामाबाई हसली. आतून तेजश्रीही हसल्याचं ऐकू आलं.

परत येताना तेजश्री पुढं बापाजवळ बसली. वाटेत तिनं लाह्या खाल्ल्या, दिंडं खाल्ली, आणि रस्त्यातल्या प्रत्येक गावाची, प्रत्येक झाडाची चौकशी केली, जणू ती फार वर्षांनी चालली आहे. त्रिंबक मागं बसून तिचं डोकं बघत होता. कुशावर्ता दिसायला कशी होती, ते त्यानं छबुबाईला कधी विचारलंच नव्हतं.

जीप वेशीतून आत आली आणि घरापुढं थांबली. तेजश्री उतरली. आधी पिशवी घेतली आणि तडक दाराकडं निघाली.

"थांब गं," त्रिंबक म्हणाला.

ती उंबऱ्याबाहेर थांबली. अंगदची बायको बबिता आतून धावत आली, लेकीला बघून रडायला लागली, आणि मग तिच्या लक्षात आलं. "आगं बया! भाकरच न्हाई ठिवली मी कालची. आज तवा बी न्हाई. ते सगळं आईच बगायच्या."

"माज्यापाशी हाय," त्रिंबक म्हणाला.

फडक्यात कागदात गुंडाळलेली ती भाकरी होती, सुभद्राबाईनं त्याच्यासाठी दिलेली. त्यानं तांब्या मागून घेतला. जी जागा छबुबाईची, उंबऱ्याच्या आतली, उजव्या चौकटीला लागून, तिथं तो जाऊन उभा राहिला. तेजश्रीच्या पायांवर पाणी घातलं. भाकरी तिच्यावरून ओवाळली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि सगळीच्या सगळी लांब भिरकावून दिली. कावळा आला.

"ये बाई," तो म्हणाला.

तेजश्री आत गेली. तिच्यामागं रडणारी बबिता गेली. जीप लावून अंगदही मागच्या दारानं गेला. घरात एकदम माणसांचा आवाज भरला, कुणी झोक्याचं विचारत होतं, कुणी दूध तापवायला सांगत होतं.

त्रिंबक परत उंबऱ्याबाहेर उतरला. इतक्या वर्षांत पायांवर पाणी पडल्याशिवाय तो पंचमीला या घरात कधी पुढं गेला नव्हता. सवयीनं त्यानं मान थोडी खाली केली आणि उभा राहिला. उजव्या चौकटीजवळ कुणी नव्हतं. तिथल्या लाकडावर, हात टेकून टेकून गुळगुळीत झालेली जागा तेवढी दिसत होती.

तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. ते त्यानं स्वतःच्याच पायांवर घातलं, आधी उजव्या, मग डाव्या, आणि आत गेला.